थर्मासातलं पिवळं रक्त

“च्या न्हाय त्यात, रगात हाय! माझ्या बायकूचं रगात हाय!”

दाजी ओरडले आणि निपाणी स्टँडवरून नुकतीच सुटलेली पुण्याची गाडी जागच्या जागी दचकली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निपाणीत तंबाखूच्या वखारीवर मुकादम होते, आणि आवाज असा की त्यांनी निपाणीत खाकरलं तर चिकोडीची माणसं दार उघडायला उठत. त्यात त्या दिवशी ते ओरडले होते जीव खाऊन. वखारीतल्या तंबाखूला शिंका आल्या असतील.

झालं होतं एवढंच. शेजारच्या बाकावरचा येळ्ळूरचा एक म्हातारा बेळगावपासून दाजींच्या मांडीवरच्या थर्मासकडे मांजरासारखा बघत बसला होता. निपाणी सुटल्यावर त्याला राहवलं नाही. “पावनं, घोटभर द्या की. घसा पार वाळून गेलाय,” म्हणाला.

रक्त म्हटल्यावर म्हाताऱ्याचा घसा पुढची दोन वर्षं वाळला नसेल. पुढच्या बाईनं लेकराच्या तोंडावर पदर टाकला. कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेला एकजण कोंबड्यांसकट मागच्या बाकावर गेला. कंडक्टर कानडी होता. त्यानं “येनरी इदु?” म्हणजे हे काय, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घंटीची दोरी ओढली. त्याच्या डोळ्यांसमोर मुडदाच आला असणार. कोगनोळीच्या नाक्यावर त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पोलिसाला हाक मारली.

माझ्या गोष्टीत चार आण्यांची भर असते, हे मी कबूल करतो. घरची माणसं बारा आण्यांची म्हणतात. पण त्या दिवशीच्या भीतीत भर घालायला मला अजून जागा सापडलेली नाही. ती आधीच काठोकाठ होती.

कारण आमच्या आक्काला तो रोग झाल्याची शंका होती. तो रोग म्हणजे कॅन्सर. पण आमच्याकडं तेव्हा त्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की तो वळून बघतो, अशी समजूत. आक्काला आधी कावीळ झाली. सदलग्याच्या एका म्हाताऱ्याकडं नेलं. त्यानं तिचे हात चुन्याच्या निवळीत धुतले, पाणी पिवळंजर्द झालं, आणि “निघाली बघा कावीळ,” म्हणून त्यानं ते पिंपळाच्या मुळाशी ओतलं. पिंपळाला कावीळ झाली की नाही कोण जाणे, आक्काची काही गेली नाही. डोळ्यांची पिवळी झाक राहिली, चेहरा वाळून सुपारीएवढा झाला, जेवणावरची वासना उडाली, ओकाऱ्या सुरू झाल्या. आणि सगळं अंग वाळत असताना पोट तेवढं वाढायला लागलं.

मी तेव्हा बेळगावात एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. ऐंशी साल नुकतंच मागं पडलं होतं. मी आक्काला आणि दाजींना बेळगावच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला तपासलं. उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी दाजींनी बघितली. कुस्तीच्या फडात चितपट झालेल्या मल्लाचा चेहरा मी बघितलाय. दाजींचा त्याहून वाईट झाला.

“तू भाईर बस जरा,” ते आक्काला म्हणाले. “बाकावर बस. वारं लागंल.”

आक्का पदर सावरत बाहेर गेली. दाजींनी स्वतः उठून दार लावलं. मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, लिव्हर मोठं झालंय, पोटही फुगलंय, मला शंका येते. आणि भराभर विचारायला लागले. घरात आणखी कुणाला काविळीचा त्रास? पूर्वी रक्त चढवलं होतं? वजन किती उतरलं? पाळी? दिवस वगैरे?

“कसलं दिवस, सायेब!” दाजी हात झटकून म्हणाले. “लगीन हून आमचे केस पिकले. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. आता तिची पाळीबी बंद झाली. वय झालं.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. शेवटी म्हणाले, रक्ताची एक तपासणी आहे. लिव्हरमध्ये तसली गाठ धरली की रक्तात एक खूण वाढते. आपल्याकडे ती होत नाही, पुण्याला पाठवावं लागेल. आणि बर्फात ठेवून न्यावं लागेल, नाहीतर खूण नासते.

आक्काला आम्ही सांगितलं, अशक्तपणाचं बघायचंय. तिनं हात पुढं केला. सुई टोचताना ती दाजींकडे बघत होती आणि दाजी खिडकीबाहेर.

म्हणून कोगनोळीच्या नाक्यावर आम्ही थर्मास घेऊन रस्त्यावर उभे होतो. ऊन असं की डांबरावर पापड भाजावेत. पोलीस म्हणाला, “उघड.”

“उघडलं तर बर्फ इतळंल,” दाजी म्हणाले. “बर्फ इतळला तर माझी बायकू मरंल.”

“लई बघितल्यात असल्या बायका. दारू हाय व्हय त्यात?”

दाजींनी टोपण बोटभर वर केलं. पोलिसानं वाकून बघितलं. बर्फाच्या खड्यांत काचेची नळी होती, आणि नळीत पिवळं पाणी.

“रगात म्हणतोस आणि ह्ये पिवळं कसं?” पोलीस ओरडला. “रगात तांबडं असतंय. दारूच हाय ही!”

मला ठाऊक होतं. डॉक्टरांच्या माणसानं माझ्या देखत रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं निवळ पाणी तेवढं नळीत काढलं होतं. पण दाजींना ते सांगायचं माझं राहूनच गेलं होतं. त्यांनीही वाकून बघितलं. आणि तो सहा फुटी मुकादम, ज्याच्या हाकेनं वखारीतल्या बाया हातातला तंबाखू टाकत, मटकन रस्त्यावर बसला.

“पावनं,” ते मला म्हणाले, आणि आवाज पहिल्यांदाच शेजारच्यापुरता निघाला, “तिचं रगातबी पिवळं झालं रं.”

सदलग्याचं ते पिवळं पाणी त्यांच्या डोळ्यांपुढं होतं, हे मला दिसत होतं. मी किती समजावलं तरी त्यांना पटेना. पोलिसानं मात्र थर्मासवरचा हात काढून घेतला, टोपी सरळ केली आणि कंडक्टरला म्हणाला, “सोड गाडी. कुटं थांबू नकोस.” त्यानंतर कंडक्टरनं कागलला चहालासुद्धा गाडी थांबवली नाही. येळ्ळूरच्या म्हाताऱ्यानं कोल्हापूर स्टँडवर स्वतः उतरून बर्फ आणला. चहाचं नाव कुणी काढलं नाही.

पुण्याला नळी पोचवून आम्ही माघारी आलो आणि वाट बघायला लागलो. त्या दिवसांत दाजी बोलायचे बंद झाले. निपाणीतली माणसं म्हणायला लागली, मुकादमाला घशाचा काहीतरी विकार झालाय. ते घरी आले की आक्काच्या पोटाकडे चोरून बघत. पोट वाढतच होतं. रात्री तिला डोळा लागला की उशाशी बसून तिचा श्वास ऐकत. आणि दिवसा मात्र, “आज भाकरी बरी झाली,” असं काहीतरी बोलत, जे त्यांनी संसारात कधी म्हटलं नव्हतं. आक्का एकदा मला म्हणाली, “भावा, ह्यांना काय झालंय? सारखं माझ्या तोंडाकडं बघत्यात.” मी म्हणालो, काळजी करतात. ती म्हणाली, “मला दडपायला हुतंय.”

निकाल ट्रंककॉलनं आला. मी कोर्टातून धावत दवाखान्यात गेलो होतो, दाजी आधीच येऊन बसलेले. लाइन इतकी खराब की डॉक्टर फोनच्या आत शिरायच्या बेतात होते. “जास्त की कमी? हॅलो! जास्त का? किती पट? मोठ्यानं बोला!” सगळा दवाखाना ऐकत होता. एक बाई औषधाची बाटली हातात तशीच धरून उभी राहिली. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, “जास्त आलंय.”

 दाजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली. परत काढली.

तेव्हा पोटाच्या आतलं पडद्यावर दाखवणारं मशीन आमच्या भागात नवंच आलं होतं. गाठ कुठं आहे, केवढी आहे, ते बघायला डॉक्टरांनी तिकडे पाठवलं. आक्काला सांगितलं, फोटो काढायचाय. अंधाऱ्या खोलीत तिला आडवं केलं, पोटावर गार चिकट काहीतरी लावलं. मशीनवाले डॉक्टर तरुण होते. त्यांनी बरगडीखाली दांडकं फिरवलं. पडद्यावर धुकं हलत होतं. मला त्यात काहीच कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते भयंकरच असतं. डॉक्टर “हं” म्हणाले. थोडं खाली आले. परत “हं.” मग आणखी खाली, बेंबीच्या खाली, आणि तिथंच दांडकं धरून राहिले.

मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दाजींनी माझं मनगट धरलं होतं. त्या हाताला अजून थंडीत कळ येते, आणि यात भर अजिबात नाही.

“लिव्हरला सूज आहे,” डॉक्टर म्हणाले. “कावीळ उतरतेय, सूज जाईल. गाठ कुठंच नाही.”

“मग ती खूण?” मी विचारलं. “रक्तातली?”

त्यांनी पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. धुक्यात एक वाटाणा फडफडत होता, चिमणीच्या पंखासारखा भराभर. “ही तपासणी ज्या पदार्थाची करतात ना, तो मुळात पोटातल्या बाळाच्या लिव्हरचा. आईच्या रक्तात उतरतो. मोठ्या माणसात दुसऱ्या कशानं वाढला तर भीती. पण बाई, हे बाळाचं हृदय उडतंय, तुमचा पाचवा महिना चाललाय. तुम्हाला माहीत नव्हतं?”

आक्कानं पदर तोंडावर ओढला. “म्हाईत हुतं की,” ती पदराआडून म्हणाली. “आदी दोन गेली. ह्या बारीला पाचवा सरूस्तवर कुणाजवळ बोलायचं न्हाय, असं ठरवलंवतं.”

दाजी खाली बसले. तिथं खुर्ची नव्हती. मग उठले, आणि इतके दिवस कोंडलेला सगळा आवाज एकदम बाहेर पडला. ती गर्जना बाहेर लोकांनी ऐकली, रिक्षावाले थांबले, आणि माझ्या मते मशीनही क्षणभर बंद पडलं.

“आगं, तुझ्यापायी मी रस्त्यावर बसलो! पोलिसाम्होरं बसलो! पुण्यापतोर रगात मांडीवर घिऊन गेलो! डॉक्टरनं सरळ इचारलं हुतं, दिवस हायत का म्हणून. तवा तोंड उघडाय काय झालंतं तुला?”

आक्का पोटावरचं ते चिकट पुसत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

“तवा तुमी मला भाईर बाकावर बसवलंवतं.”