न विचारता

मावशीकडे सत्यनारायण होता. मावशी सोवळ्याची कडक, पूजेच्या ताटाला कुणाला हात लावू देत नसे. दर्शनाला आलेल्या तिच्या दिरांनी मावशीच्या मुलीला, कॉलेजात शिकणाऱ्या अनघाला, खांद्याला धरून जवळ ओढलं. अनघा मागे सरली.

"काका, मला नाही आवडत असं."

"अगं, मी काय परका आहे?"

आता मावशी मोठ्यांच्या मानाचं सांगून अनघालाच गप्प करणार, असं मला वाटलं. पण मावशी म्हणाली, "भाऊजी, देवाच्या ताटालासुद्धा न विचारता कुणी शिवत नाही. ही तर माझी मुलगी आहे."

काकांनी हात मागे घेतला. श्रद्धा माणसाला वाकायला शिकवते, एवढंच मला ठाऊक होतं. ती असं ताठ उभंही करते, हे पाहून आनंदाने मला बसवेना. अनघा आईशेजारी गेली आणि खणखणीत आवाजात आरती म्हणू लागली.