वेगळ्या मशीनची खोली

या ग्रुपवर बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. माझं बोरीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडली की कारण सापडतंच... कुठं पाणी शिरलेलं असतं, कुठं तारेवरचं वॉर्निश गेलेलं असतं. कारणाशिवाय काही जळत नाही, या मताचा मी माणूस. घरात कुणी अंगात येण्याचा नाहीतर बाहेरच्या बाधेचा विषय काढला की मी सरळ उठून जायचो. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

तात्या म्हणजे माझे चुलते. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. त्यांना मूलबाळ नाही, तात्या-काकू माझ्याजवळच राहतात. मागं त्यांच्या पायावर सूज यायला लागली, जेवण जाईना. परभणीला दाखवलं तर दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. डायलिसिसशिवाय इलाज नाही म्हणाले. सुरू करायच्या आधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस सी निघाला. कशानं झाला असेल, असं डॉक्टरांना विचारलं. पूर्वी कधी घेतलेल्या सुईतून असेल, रक्त चढवलं असेल त्यातून असेल, आता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं हा रोग लागत नाही, हेही त्यांनी नीट समजावलं. पण गावात गोष्ट पसरायची ती पसरलीच. हॉटेलात तात्यांचा ग्लास वेगळा झाला. त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी सगळ्यांसमोर तात्यांच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, त्यात त्यांची काही चूक नव्हती. डायलिसिसचा मोठा हॉल होता, पण हिपॅटायटिस सी असलेल्यांसाठी मशीन वेगळं, कॉरिडॉरच्या टोकाच्या छोट्या खोलीत. एकाचं रक्त दुसऱ्याला चुकूनही लागू नये म्हणून. तात्यांच्या आधी त्या मशीनवर गंगाखेडच्या अनुसयाबाई असायच्या. पन्नाशीच्या, नवरा नाही, भावाकडं राहायच्या. त्यांचं संपलं की मशीन धुवायला वेळ लागायचा, तेवढा वेळ आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर. मी त्यांना मावशी म्हणायचो. तहान लागली तर पाणी न पिता लिंबाची फोड चोखायची, ही युक्ती तात्यांना त्यांनीच शिकवली. तात्या त्यांना आपल्या हातावरचा फिस्टुला दाखवायचे, म्हणजे ऑपरेशन करून जोडलेली ती शीर, जिच्यात सुया घालतात. "कोकराच्या छातीवर हात ठेवल्यावानी थडथडतंय बघ," म्हणायचे. मावशी हसायच्या. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

सिस्टरांचा एक नियम कडक होता — सुईचा हात झाकायचा नाही. पण खोलीत एसी, तात्यांना थंडी सोसायची नाही. ते स्वतःचं काळं घोंगडं घेऊन जायचे. सिस्टर बाजूला करायच्या, तात्यांचा डोळा लागला की ते परत हातावर यायचं. मावशीही त्यांना त्यावरून बोलायच्या.

मग मावशी यायच्या बंद झाल्या. डायलिसिसचा एक वार चुकला, दुसरा चुकला. दवाखान्यातून फोन गेले, लागले नाहीत. मला वाटलं, नांदेडच्या दवाखान्यात जायला लागल्या असतील. एवढ्यावर मी तो विषय सोडला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, लख्ख उजेड. तात्या आत मशीनवर, मी बाहेर बाकावर. मोठ्या हॉलमध्ये एका पेशंटचा बीपी एकदम उतरला म्हणून सिस्टर तिकडं धावल्या होत्या. मी फोनवर एका शेतकऱ्याला त्याची मोटार उद्या देतो म्हणून समजावत होतो. तेवढ्यात चपलांचा आवाज आला म्हणून वर पाहिलं, तर मावशी जिन्याकडून येत होत्या. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, नेहमीसारख्याच. मनात आलं, बरं झालं, यायला लागल्या. त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत, काही विचारपूस नाही.

म्हणाल्या, "दत्ता, तात्याच्या हातावरचं घोंगडं काढ. आधी काढ."

आवाज मोठा नव्हता. मी हो म्हणून मान हलवली, फोन तसाच खिशात टाकला आणि आत गेलो. तात्या झोपल्यासारखे दिसत होते, पण चेहरा पिवळा पडलेला, कपाळावर घाम. मशीन शांतपणे चालू. मी घोंगडं उचललं... ते जड लागलं. खालून ओलं आणि गरम. रक्त परत अंगात सोडणारी सुई निसटली होती आणि मशीन तात्यांचं रक्त घोंगड्यात ओतत होतं. काळ्या लोकरीवर काही दिसत नव्हतं.

मी ओरडलो. सिस्टर आल्या, त्यांनी पंप बंद केला, नळी दाबली, डॉक्टर आले. सलाईन, मग रक्ताच्या पिशव्या. मला बाहेर काढलं. हातांना लागलेलं रक्त धुवायचंही मला सुचत नव्हतं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वाचले, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

मग सिस्टरांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं? अलार्म तर वाजलाच नाही." घोंगड्याच्या वजनानं नळी दबून राहिली असेल, त्यामुळं आतला दाब उतरला नसेल आणि मशीनला कळलं नसेल, असा त्यांचा अंदाज होता. मी म्हणालो, अनुसयामावशींनी सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, मावशी तर आलेल्याच नाहीत. मी म्हणालो, आत्ता आल्या होत्या, इथंच असतील. जिन्याखाली वॉचमन होता, त्यानं अशी कुणी बाई वर गेल्याचं पाहिलं नव्हतं. मी हॉलमध्ये पाहिलं, खाली आवारात पाहिलं... कुठंच नाहीत.

आपण कारण शोधणारी माणसं. कॉरिडॉरमध्ये कॅमेरा होता, मी तो दाखवायची विनंती केली. त्यात मी बाकावर बसलेला दिसतो. फोनवर बोलताना मान वर करतो. समोर बघतो, होकारार्थी मान हलवतो, फोन खिशात टाकतो आणि दार उघडून आत जातो. माझ्यासमोरची जागा अख्खी दिसते. तिथं कुणी नाही.

संध्याकाळी तात्या शुद्धीवर आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गंगाखेडला जा. बाईचं काहीतरी बिघडलंय." मी म्हणालो, तुम्ही बरे व्हा, मग दोघं जाऊ. तर म्हणाले, "माह्यापाशी तुही काकू हाय. तू सकाळीच जा."

खरं सांगतो, बसमध्ये बसलो तेव्हा त्या गेल्या असतील असंच मी धरून चाललो होतो. दवाखान्यातून घेतलेल्या पत्त्यावर गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. मावशींच्या भावजयीनं दार उघडलं. परभणीहून आलो म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. ती मला मागच्या पत्र्याच्या खोलीकडं घेऊन गेली. जाता जाता तिच्याकडून कळलं, मावशींच्या पुतणीचं लग्न ठरत होतं, पाहुण्यांच्या कानावर आत्याच्या रोगाचं गेलं होतं. कुणी हाकललं नव्हतं मावशींना. त्यांनीच ताट वेगळं केलं, अंथरूण मागं नेलं आणि दवाखान्यात जाणं बंद केलं. भावजय रडत म्हणाली, "आमी लय म्हणलो चला म्हणून. ऐकंनात."

मावशी जिवंत होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या, आडवं पडलं की दम कोंडायचा. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळेना. मी जवळ बसलो. कालचं अजून एका शब्दानं काढलं नव्हतं. त्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं,

"काढलं का घोंगडं?"

हो म्हणालो, एवढंच आठवतं. आदल्या दिवशी मावशी कुठं गेल्या होत्या का, असं भावजयीला विचारलं. ती म्हणाली, चार माणसांनी उचलल्याशिवाय त्या उंबऱ्याबाहेर येऊ शकत नाहीत, जायच्या कुठं?

रुग्णवाहिका बोलावली. भाऊ रानातून धावत आला आणि तोही सोबत बसला. परभणीला पोचल्या पोचल्या त्यांना त्याच खोलीत, त्याच मशीनवर घेतलं. डॉक्टर भावाला म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असता तर आणायची गरज उरली नसती.

मावशी सावरल्या. शुद्ध नीट आल्यावर मी त्यांना विचारलं, तर त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी घरी गेलेलो, मला काय विचारलं, काहीच नाही. पुढं दोघांनाही हिपॅटायटिसच्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी तपासण्या केल्या, तर विषाणू दोघांच्याही रक्तातून गेलेला. डायलिसिस मात्र कायमचंच. मावशींच्या पुतणीचं लग्न ठरत होतं त्याच घरी झालं. मुलाकडच्यांना डॉक्टरांनी स्वतः समजावून सांगितलं होतं. मावशी त्यानंतर वर्षभर होत्या. हृदय थकलं आणि झोपेत गेल्या.

मी खूप विचार केला. तात्यांची घोंगड्याची सवय मावशींना माहीत होती, माझ्याही डोक्यात ती धाकधूक असणार, म्हणून मला भास झाला... इथपर्यंत मी स्वतःला पटवतो. पण मग गंगाखेडच्या त्या खोलीत त्यांनी विचारलेला प्रश्न कुठं बसवायचा? शरीरात विष साचलं की माणूस बरळतो, असं डॉक्टर म्हणतात. बरळतो, मान्य आहे. पण नेमकं तेच?

त्या हयात असताना एकदा बाकावर बसल्या बसल्या तात्यांनी त्यांना सरळच विचारलं होतं, "बाई, त्या दिवशी तू आलतीस का?"

मावशींनी जिन्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्या पडून व्हते, तात्या. पण आले असंन. त्या दिवसांत मला जायला दुसरं व्हतंच कोण?"

तात्यांनी लिंबाची एक फोड काढून त्यांच्या हातावर ठेवली. या सगळ्याचं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही.