दुकानाचा वरचा मजला

बाई गं, हे पत्र तुला पोस्टाने पाठवण्यात काही अर्थ नाही. तुमच्या घरी येणारं प्रत्येक पाकीट तुझे यजमान आधी फोडतात आणि तारीखवार लावून ठेवतात. म्हणून इथेच बोलते. पण तुझी हकीकत सांगायची तर तुला 'तू' म्हणून चालणार नाही. 'तू' म्हटलं की लगेच "तसं काही नाही हो मावशी, ते मनाने चांगले आहेत" म्हणून मध्ये तोंड घालशील. तेव्हा आता तू 'ती'. तुझे यजमान म्हणजे 'स्टोअरकीपर', कारण निवृत्त झाला तरी माणूस तोच राहिला. आणि मी जिथे येईन तिथे 'समोरची म्हातारी'. दुकानासमोर राहते आणि म्हातारी आहे, दोन्ही खरंच आहे. ऐक निवांत. जमलं तर.

ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. ओरडणारी, रडणारी, शिव्या देणारी माणसं दिवसभर कानाशी, आणि हिचा आवाज मात्र इस्त्री केल्यासारखा. असला आवाज असलेली बायको स्टोअरकीपरला फार आवडली. तो एका कारखान्यात होता. कुठली वस्तू कुठल्या मांडणीवर ठेवली म्हणजे माणसाची पावलं वाचतील, हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. वाईट एवढंच, की ते काम तो घरी घेऊन यायचा. लग्नानंतर पहिल्याच रविवारी त्याने टेप घेऊन स्वयंपाकघर मोजलं. साखरेचा डबा कुठे, चहाचा कुठे, सगळं ठरलं. ती हसून म्हणाली, "अहो, मी काय फोर्कलिफ्ट आहे का?" तो हसला नाही. प्रश्नावर विचार केला त्याने.

पुढे लेक झाली, शिकली, लग्न होऊन लांब गेली. स्टोअरकीपर निवृत्त झाला आणि वर्षभरात जिन्यावरून पडला. कंबर गेली. घरातल्या घरात वॉकर घेऊन चार पावलं, बाकी सगळा वेळ खाटेवर. दिवसा तो हिशेबाने वागे, पण रात्र झाली की त्याला भीती वाटायची. पाणी दे, दिवा लाव, दिवा घालव, कूस बदलून दे, दार लावलंय का बघ. सकाळी तो घोरत पडायचा आणि ही दूधवाल्याला दार उघडायची. कामाला बाई ठेवून पाहिल्या. दोन ठेवल्या, दोन्ही पळाल्या. झाडू कुठल्या खोलीतून सुरू करायचा याचा त्याने त्यांना कागद काढून दिला होता.

त्याच सुमाराला म्हातारीच्या घरासमोर ते मोठं सुपरमार्केट उघडलं. पहिल्या शनिवारी ही जाऊन आली, तर हा उशांना टेकून बसलेला, मांडीवर पुठ्ठा, हातात पेन्सिल.

"दारातून आत गेलं की डाव्या हाताला काय?"

"भाजी."

"त्याच्यापुढे?"

"साबण असावेत."

"असावेत म्हणजे? दुकान आहे की ज्योतिष?"

"साबणच आहेत," ती म्हणाली. तिला काडीचंही आठवत नव्हतं. गर्दीत गेली, मिळेल ते घेतलं, आली. पण 'लक्षात नाही' म्हणावं तर संध्याकाळभर निरीक्षणशक्तीवर व्याख्यान. त्यापेक्षा ती तोंडाला येईल ते सांगत गेली. साबणापुढे पीठ, पिठाच्या पाठीमागे तेल, कोपऱ्यात दूध. तो काढत गेला. रेषा काय सुंदर, पट्टी न लावता सरळ!

पुढच्या शनिवारी तिच्या हातात यादी पडली, ती त्या नकाशाबरहुकूम. आधी बटाटे, मग साबण, मग पीठ. या क्रमाने गेलीस तर एकदाही मागे वळावं लागणार नाही, असं बजावून. आणि दुकानात पाहते तर दाराशी पाव, साबण पार मागे दुधाच्या शेजारी, आणि पीठ तिसरीकडेच. बिचारी नुसती धावत होती. खरं सांगावं, तर गेल्या आठवड्याचं खोटं उघडं पडणार. शिवाय तो बिल तपासायचा. बिलावर वस्तू ज्या क्रमाने छापल्या जातात, तो क्रम यादीशी जुळला पाहिजे, मध्येच मीठ आलेलं दिसलं की "हे इथे कसं?" मग ही काउंटरवर ट्रॉलीतलं सामान यादीप्रमाणे मांडायची. काउंटरवरची मुलगी आधी वैतागली, मग हसायला लागली, मग स्वतःच विचारायला लागली, "नकाशावाल्या काकू, आज तेल आधी की पीठ?"

काही आठवड्यांत हिला खरं दुकान पाठ झालं. डोळे मिटून साबण काढेल अशी. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की नवऱ्याने वेळ धरलाय तो त्याच्या कागदावरच्या दुकानाचा, आणि सामान मिळतंय या खऱ्या दुकानातून, त्याहून कितीतरी लवकर. मधला वेळ उरतो. तो कोणाच्याच हिशेबात नाही.

त्या उरलेल्या वेळात तिने काय करावं? मैत्रिणीकडे जावं, कपडे बघावेत, निदान बाकावर बसून रस्ता तरी बघावा. छे. ती रस्ता ओलांडून म्हातारीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे जरा झोपू का?"

म्हातारीला आधी वाटलं, चक्कर आली. पण ती चपला काढून कोचावर आडवी झाली आणि 'उठवा हं' म्हणता म्हणता गेलीच. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. तेव्हापासून दर शनिवारी तेच. भरलेली ट्रॉली काउंटरवरच्या मुलीच्या ताब्यात, दूध दुकानाच्या फ्रिजमध्ये, आणि ही कोचावर. उठून जायची, बिल करायची, घर गाठायची. बिलावरची वेळही बरोबर!

मध्ये फोन यायचाच. तिचे डोळे उघडायचेसुद्धा नाहीत. फोन कानाला, आवाज एक्सचेंजमधला.

"कुठे आहेस?"

"पावडरीपाशी. गर्दी आहे."

म्हातारी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, बाजूला व्हा जरा, ट्रॉली जाऊ द्या की!" आणि दोन पातेली वाजवायची. स्टोअरकीपर म्हणायचा, "कसली माणसं असतात! तू तुझ्या बाजूने चाल." फोन ठेवून ही पुन्हा घोरायला मोकळी.

एकदा म्हातारीचाच डोळा लागला. दोघींना जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ती धापा टाकत घरी गेली. तो दाराकडे तोंड करून बसलेला, चेहरा पांढरा पडलेला. रागापेक्षा घाबरला होता, हे तिनेच नंतर सांगितलं.

"कुठे होतीस?"

"वरच्या मजल्यावर," ती म्हणाली. कुठून सुचलं देव जाणे. "नवीन काढलाय. टॉवेल, बल्ब, भांडी, सगळं वर नेलंय. जिना चढून दम लागला."

त्याने लगेच पुठ्ठा मागितला.

आता दोन कागद झाले. वरचा मजला काढताना तो दिवसच्या दिवस रमायचा. जिना कुठल्या भिंतीला, वळणाचा की सरळ, बल्ब आधी की टॉवेल. ही उत्तरं द्यायची, आणि काय बोललो ते विसरू नये म्हणून भाजी चिरताना मनात घोकायची. म्हातारी म्हणाली, "अगं, बिल्डरसुद्धा इतक्या झटकन मजला चढवत नाही!" तर हसली, पण वेळ वाढवून मिळाला होता, आणि डोळ्याखालची काळी वर्तुळं जरा कमी झाली होती. शनिवारच्या जोरावर ती बाकीचा आठवडा उभी राहायची. बाकी काही नको होतं तिला. पैसा नको, प्रवास नको. ती झोप तेवढी हवी होती.

मग लेकीने चाकांची खुर्ची पाठवली.

भली खुर्ची, घडी होणारी, ब्रेकवाली. स्टोअरकीपरने तिच्या चाकांचा व्यास मोजला आणि जाहीर केलं, "या शनिवारी मी येतो दुकानात. एवढी दोन वर्षं कागदावर बघतोय. वर जायला लिफ्ट असेलच."

ती म्हातारीकडे आली ती झोपायला नाही. कोचाच्या कडेवर टेकली.

"सांगून टाक सरळ," म्हातारी म्हणाली. "खाईल का तो तुला?"

"तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल, मावशी. राहायचं मला आहे."

"मग लिफ्ट बंद आहे म्हण."

"म्हटलं. ते म्हणाले, मी खाली थांबून जिना बघतो."



शनिवार आला. तिने खुर्ची ढकलत आत नेली. मांडीवर दोन्ही नकाशे, कानामागे पेन्सिल. डाव्या हाताला पाव होता. त्याने कागदाकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं. "पुढे," म्हणाला. पुढे साबण नव्हते, बिस्किटं होती. "पुढे." जिथे जिना असायला हवा तिथे भिंत होती, आणि भिंतीला टेकून झाडू आणि बादल्या. त्याने मान वर केली. वर पत्रा, पाइप आणि दिवे. त्याच्या वर काय असणार, आकाश.

काउंटरवरच्या मुलीला वरच्या मजल्याची थाप ठाऊक होती; तिने लांबून पाहिलं आणि बिचारीने मदत केली. "काकू, वरचा मजला ना? तो बंद केला हो मागच्या महिन्यात!"

"जिना कुठे होता?" स्टोअरकीपरने विचारलं.

मुलीने उजवीकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी हिने डावीकडे.

त्याने कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाला, "दारापासून सुरू करू. हळू चालव." सगळं दुकान त्याने पुन्हा काढलं. पाव, बिस्किटं, दूध, साबण. एकाही ठिकाणी 'असावेत' नाही. घरी आल्यावर ती वाट बघत राहिली, आता फुटेल, मग फुटेल. ओरडला असता तर तीही ओरडली असती, भांडण झालं असतं, दोन वर्षांची झोप तिने त्याच्या तोंडावर फेकली असती. तो ओरडलाच नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "फार लहान दुकान आहे ते."

आणि दोन दिवसांनी, चहा पिता पिता, "वर टॉवेल कुठल्या बाजूला होते?"

"खिडकीपाशी," ती बोलून गेली.

"खिडकी होती?" तो म्हणाला, आणि बशीत चहा ओतत राहिला.

त्यानंतर दर शनिवारी तो बरोबर असतो. यादी आता बिनचूक. एक पाऊल फुकट जात नाही, दोघं गेली की आलीसुद्धा. लेक फोनवर म्हणते, "आई, बाबा किती खूश आहेत गं!" आहेच तो खूश. अपंग माणूस आठवड्यातून एकदा बाहेर पडतो, त्याला नको म्हणायला काय कारण काढणार? काउंटरवरची मुलगी खाली मान घालून बिल करते. ही दुकानाच्या काचेतून म्हातारीच्या दाराकडे बघतसुद्धा नाही. बघितलं तर तो विचारेल, काय बघतेस.

म्हातारी मात्र एकदा मुद्दाम दुकानात गेली आणि पिठाच्या मांडणीआड उभी राहिली. स्टोअरकीपर पलीकडे तेलाच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचत होता.

"मावशी, एक काम कराल?" ही पुटपुटली. "एखाद्या दुपारी यांना बागेपर्यंत फिरवून आणाल? खुर्ची हलकी आहे. मी घरीच पडेन. माझ्याच खाटेवर."

"उद्याच येते," म्हातारी म्हणाली. गुडघ्याला पट्टा बांधायचा की नाही, हे ती तिथल्या तिथे ठरवून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बेल वाजवली. वॉकर घासत स्टोअरकीपर स्वतः दाराशी आला. म्हातारीने बागेचं काढलं. त्याचा चेहरा असा खुलला की म्हातारीला क्षणभर त्याची कीवच आली.

"वा! चला की. पण तुम्हाला कशाला ढकलायला लावू, मावशी? तुमचं वय काय! खुर्ची हिलाच जमते." आणि आत तोंड करून त्याने हाक मारली, "अगं, चप्पल घाल! मावशी आल्यात, आपल्याला बागेत न्यायला!"

मग ती आली. केस एका बाजूने चपटे झालेले, गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली. तिने म्हातारीकडे पाहिलं नाही. चपला घातल्या आणि खुर्चीचा ब्रेक काढला.