भास्करकाकांची कपाशीची साडी

भास्करकाका कुठलंही डिझाइन टेबलावर ठेवून बघत नसत. काढून झालं की तो लांब कागद ते स्वतःच्याच खांद्यावर पदरासारखा टाकत, गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहत आणि आम्हाला म्हणत, “आता बघा.” पिकलेल्या मिशा, शर्टाच्या खिशात दोन ब्रश आणि खांद्यावरून उतरणारे मोर. नवीन आलेला माणूस हसायचाच. मीही पहिल्या दिवशी हसले. काका रागावले नाहीत. “हसून घे बेटा,” म्हणाले, “मग सांग, मोर कमरेशी येतो की गुडघ्याशी? बाई काही टेबलावर आडवी पडून साडी नेसत नाही.”

आमचा स्टुडिओ सुरतेच्या पांडेसऱ्यात. साड्या छापणाऱ्या मिलना आम्ही डिझाइनं करून देतो. काका शिरपूरकडचे. तरुणपणी सुरतेला लूमवर कामाला आले आणि हातात चित्रकला होती म्हणून डिझाइनच्या कामात शिरले. माझे वडील अकोल्याकडून उधन्याला रेल्वेत आले, माझा जन्म इथलाच. मी शिकले ते थेट कॉम्प्युटरवर. काका कागदावर काढत, मी ते स्कॅन करून त्याची मिलच्या मशीनला चालेल अशी फाइल करत असे. माऊसला ते कधी हात लावत नसत, पण माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि स्क्रीनवरच्या एखाद्या पाकळीकडे बोट दाखवत म्हणत, “ही फार शहाणी झाली. जरा वेडी कर.” म्हणजे काय करायचं, हे कळायला मला बरेच महिने लागले.

पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप हलायचा, मग ब्रश. त्याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. बारीक रेघांचं काम हळूहळू माझ्याकडे सरकवत गेले आणि स्वतः रंग सांगायचं काम ठेवलं. स्टुडिओच्या मालकाने, आमच्या शेठनेही त्यांना तसंच राहू दिलं.

त्यांच्या आयुष्यात एक डिझाइन असं होतं, जे त्यांनी स्टुडिओत कधी आणलं नव्हतं. मुलगी जयश्री लहान असताना घरी बसून, रविवारी रविवारी काढलेलं. तिच्या लग्नाची साडी. काठाला कपाशीची फुलं होती. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं आणि मिटता मिटता गुलाबी होतं, ते त्यांनी गावी शेतात पाहिलेलं. म्हणून त्या साडीत निऱ्यांकडची फुलं पिवळी होती आणि पदराकडे जाता जाता, कुठे बदललं ते कळू न देता, गुलाबी होत गेली होती. कागद बमरोलीतल्या घरात पलंगाखालच्या पेटीत होते.

मागच्या एका पावसाळ्यात खाडीचं पाणी त्यांच्या गल्लीत शिरलं. काकू आणि जयश्रीने धान्य वर चढवलं, गादी चढवली, पेटी राहिली. पाणी ओसरल्यावर काकांनी कागद उलगडले तेव्हा पिवळ्यात गुलाबी आणि गुलाबीत चिखल मिसळलेला होता. त्याच हिवाळ्यात जयश्रीचं लग्न होतं. मुलगा बारडोलीच्या साखर कारखान्यात होता. काकांनी नवा कागद ताणून बसायचा प्रयत्न केला, पण हात ऐकेना. हे मला जयश्रीने नंतर सांगितलं. मला काका एवढंच म्हणाले, की जयश्रीने पुराआधी सहज म्हणून त्या कागदांचे फोटो काढले होते, त्यातून काही होतंय का बघ.

त्यांच्या फोनवर आलेले फोटो मी मोठ्या स्क्रीनवर उघडले. व्हॉट्सअॅपवरून येताना ते पार आक्रसले होते. पाकळ्यांचे चौकोन पडले होते आणि पिवळ्याचा गुलाबी होताना मध्ये पायऱ्या दिसत होत्या. काका स्क्रीनजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, “हे माझं नाही.”

मी जयश्रीला फोन घेऊनच बोलावलं. ती हजीऱ्याला नोकरी करायची, रविवारी आली. केबल लावून मूळ फोटो उतरवले, तर आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडेचनात. तिच्या नव्या फोनमध्ये फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठत होते आणि आमच्या मशीनला तो प्रकार ठाऊक नव्हता. जयश्री म्हणाली, नेटवर एका मिनिटात बदलून मिळतात. पण काकांनी मान हलवली. त्यांना आपलं डिझाइन कुणा अनोळखी ठिकाणी पाठवायचं नव्हतं. “पोरीची साडी आहे,” म्हणाले, “लग्नाआधी बाजारात नको फिरायला.” मग मी फोटो बदलणारं एक साधं सॉफ्टवेअर आमच्याच मशीनवर घेतलं.

त्याने मला विचारलं, जेपीजी की पीएनजी. काकांनी मला विचारलं, फरक काय. मी म्हटलं, जेपीजी फाइल हलकी होते, पण दरवेळी काम करून सेव्ह केली की थोडं थोडं काहीतरी गळतं. पीएनजी जड असते, पण कुठेही उघडते आणि तिच्यातलं काही गळत नाही.

“म्हणजे गुलाबी तसाच राहील?”

“फोनने जे पाहिलंय ते सगळं राहील, काका. जे पाहिलंच नाही, ते मला आणता येणार नाही.”

“तेवढं आपण आणू,” ते म्हणाले.

फोटो उघडले आणि तिघंही स्क्रीनकडे सरकलो. ब्रशच्या केसांच्या रेघासुद्धा दिसत होत्या. जयश्री तोंडाला ओढणी लावून बाहेर गॅलरीत गेली.

पुढचे कितीतरी दिवस दुपारी जेवण झालं की आम्ही दोघं त्या साडीला बसत असू. एक फोटो ट्यूबलाइटचा, एक खिडकीच्या उजेडातला, एकावर जयश्रीच्या डोक्याची सावली. काका डोळे मिटून खरा रंग सांगत, मी जुळवत असे. एका ठिकाणी वेल चांगलीच वाकडी गेली होती, ती मी सरळ करायला घेतली. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “राहू दे. तेव्हा जयश्री मागून येऊन गळ्यात पडली होती.” पदराच्या एका कोपऱ्याचा फोटोच नव्हता. तो मी काढला आणि त्यांनी पसंत करेपर्यंत पुन्हा पुन्हा काढला.

साडी छापून आली तेव्हा शेठने ती हातात घेऊन पाहिली आणि हे डिझाइन बाजारात घालू या म्हणाले. काका फक्त हसले. “शेठ, इतकी वर्षं दुनियेच्या पोरींना नेसवल्या. ही एक घरची राहू द्या.” शेठने साडीची घडी घातली आणि कपाळाला लावून त्यांना परत दिली.

जयश्री ती साडी नेसूनच लग्नाला उभी राहिली. पण मला लग्नापेक्षा नंतरची एक भेट जास्त आठवते. तोवर काकांनी स्टुडिओ सोडला होता आणि ते अंथरुणाला खिळले होते. माझ्याशी नेहमी मराठीत बोलणाऱ्या त्यांच्या तोंडी आता फक्त घरची अहिराणी उरली होती, तीही तुटक. मी लग्नातला एक फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यात साडीचा काठ सुरेख आला होता, तोच त्यांना दाखवायचा होता. त्यांनी थरथरती दोन बोटं स्क्रीनवर ठेवली आणि फोटो मोठा करत नेला. काठ बाहेर गेला, पदर बाहेर गेला, जयश्रीचा चेहरा तेवढा उरला.

“मनी माय सारखी दिखस,” ते म्हणाले.

माझ्या आईसारखी दिसते, म्हणाले. काकूंनी मला सांगितलं, की सासूबाईंचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. काका लहान असतानाच त्या गेल्या. काकूंनीही त्यांना पाहिलेलं नव्हतं.

मी जयश्रीकडून मूळ फोटो मागवला, तसाच पीएनजी करून घेतला आणि फक्त चेहरा मोठा छापून काकांच्या पलंगासमोर लावला. महिन्याभरात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, शेवटी शेवटी ते त्या फोटोशी बोलायचे, पाणी माग, जवळ ये म्हण, असं काहीबाही. हाक मारायची ती “माय” अशीच.

“मग तुम्ही काय करायचात?” मी विचारलं.

“मी जवळ जायचे,” काकू म्हणाल्या, “आणि पाणी पाजायचे. फोटोतली ती जयश्री आहे, असं काही मी त्यांना सांगितलं नाही.”