दाजींचं बाकडं

सुदाम कधी पायात काही घालून घरात येत नाही. त्या दिवशी भर दुपारी तो बुटांसकट सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात कबड्डी संघाची निळी बनियन, गुडघ्यापर्यंत मैदानाची माती. मी ओरडले, "अरे, लादी आत्ता पुसलीय!" तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताय, दाजी गेलं…" बाकीचं मला रिक्षात कळलं. कळंबोलीच्या ऑफिसात चहाचा कप हातात असतानाच छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सुदामच्या बुटांचे ते ठसे मी पुढे बरेच दिवस पुसले नाहीत. ज्याला एरवी लादीवर एक डाग खपत नाही त्या माझ्या नवऱ्यानेही पुसायला घेतले नाहीत, यावरून काय ते समजा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नात्याने सख्खी मेहुणी मी एकटीच, पण त्यांना दाजी म्हणणारी माणसं मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. आमचं गाव साताऱ्याकडचं. गावातल्या एकीचा नवरा तो अख्ख्या गावाचा दाजी, ही आमच्याकडची रीत. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमच्या गावचे पुष्कळ हमाल आणि ड्रायव्हर. त्यांचं ऐकून व्यापारी दाजी म्हणायला लागले, मग बँकेचे मॅनेजर, आणि एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनीही "काय दाजी?" म्हणून हाक मारली. तेव्हा मी आक्काला म्हटलं, "बाई, तुझं माहेर वाढतच चाललंय."

आम्हाला भाऊ नाही. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान बायकोच्या भावाचा, तो माझ्याकडे आला. मी परकरात होते, आणि मनापासून पिळला. दाजी त्या वेळी गावच्या कबड्डी संघात चढाईला जायचे. डोळ्यांत पाणी आलं तरी हसत म्हणाले, "एवढी पकड आमच्या कोपऱ्यावरच्या गड्याची न्हाई!" कान पिळणाऱ्याला टॉवेल-टोपी देतात. मला टोपी देऊन काय उपयोग? दाजी म्हणाले, "तुजा मान ऱ्हायला बघ. पुढं कवातरी करीन."

गावाकडून ते आले ते एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी म्हणून. कामानिमित्त या कारखान्यातून त्या कारखान्यात हिंडायचे, आणि हिंडता हिंडता त्यांना एक नाद लागला. बुडत चाललेला कारखाना दिसला की गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत बसायचं. यंत्रांना तेल कोण घालतं, पाळी सुटल्यावर माणसं एकमेकांशी बोलतात की माना खाली घालून पळतात, हे बघायचं. मग बाजारातल्या चार व्यापाऱ्यांना गाठायचं, सगळ्यांचे मिळून पैसे घालायचे, कारखाना घ्यायचा, उभा करायचा आणि चांगल्या भावात विकून पुढच्याकडे वळायचं. आता इंग्रजी पेपरात या उद्योगाला भारदस्त नावं असतात. दाजींच्या बाजारात त्याला पाती म्हणत आणि पैसे घालणाऱ्याला पातीदार. उभा केलेला कारखाना विकला की ते दोन दिवस धड जेवायचे नाहीत. आक्का म्हणायची, "लेक नांदायला धाडलीय त्यांनी, बोलू नका कुणी."

पहिल्याच मोठ्या पातीत त्यांनी माझं नाव घातलं. मी शाळेत शिकवते, माझी भर ती केवढी! पण दाजींनी सगळ्या पातीदारांसमोर सांगून टाकलं, "ही कान पिळायला हाय. मी चुकत आसलो तर बाकीचे भिडंपायी गप बसतील, ही बोलंल." मांडवातला माझा मान असा पोचता झाला.

ही पाती होती शिरवण्याजवळच्या एका नटबोल्टच्या कारखान्याची. जुन्या मालकाने खेळाडूंना कामावर ठेवून कबड्डीचा संघ बांधला होता. सुदाम त्यातला सगळ्यात तरबेज चढाईपटू, शिरवण्याचाच आगरी पोरगा. ऑर्डरी आटल्या तशी मालकाने माणसं कमी करायला सुरुवात केली, आणि आधी म्हातारे काढले. हरीदादा नावाचे एक होते, डाव्या कोपऱ्यावर खेळणारे, सगळ्यांत वयस्क. पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. पाठोपाठ इतर गेले, संघ मोडला, आणि कारखान्यामागच्या मैदानावर गवत वाढलं. आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा गवतात एक लांबच लांब लाकडी बाकडं पडलेलं होतं. बाद झालेले खेळाडू त्यावर बसायचे. दाजींनी खिशातल्या रुमालाने ते पुसलं आणि बसले. मग म्हणाले, "घ्यायचा."

कबड्डीत बाद झालेला गडी घरी जात नाही. रेषेबाहेर रांगेत बसतो. आपल्या बाजूने गुण घेतला की एकेक जण उठून परत आत जातो, आणि जो आधी बाद झाला तोच आधी उठतो. पोरासोरांनाही ठाऊक असलेला हा नियम दाजींनी धंद्याला लावला. कारखान्याला नवी ऑर्डर मिळाली की कामावरून काढलेला एक माणूस परत घ्यायचा, आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने घ्यायचा. म्हणजे पहिले हरीदादा.

यावर आमचे मुख्य पातीदार रतनशेठ असे उसळले की हातातली बशी सांडली. लोखंडातला जुना मुरलेला व्यापारी, मनाने चांगला, पण कबड्डी म्हणजे पोरांनी संध्याकाळी टाइमपास म्हणून खेळायची गोष्ट एवढंच त्याला माहीत. "अरे दाजी, ये क्या लफडा हाय? पयला जवान कारागीर घे ना! बुड्ढा काय करणार? आणि ते मैदान विकून टाक. शेड बांधायला गिऱ्हाईक तयार हाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मला रतनशेठचं पटत होतं, आणि मी ते बोलले. "दाजी, पैसे लोकांचे आहेत. तुमच्या हौसेसाठी लोकांनी का टेन्शन घ्यावं?"

"बरुबर हाय," दाजी म्हणाले. "मग जोखीम माजी एकट्याची. एक हंगाम द्या मला. संघ परत उभा करतो. हंगामातली सगळ्यांत मोठी स्पर्धा जिंकली तर मैदान ऱ्हाईल, आन् माणसं घ्यायची रांगबी माज्याच मनापरमाणं. न्हाई जिंकली तर मैदान विका, आन् माजी पाती तुमची तुमी वाटून घ्या. मी परत दिवाणजी होईन."

त्या पातीत दाजींची आतापर्यंतची सगळी कमाई होती, आक्काच्या पाटल्यांसकट. त्याच संध्याकाळी मी आक्काकडे जाऊन म्हटलं, "तू तरी अडव." आक्का म्हणाली, "कान पिळायचा मान तुजा. तू पिळलास. मी कशाला मधी पडू?"

तो हंगाम मी जन्मात विसरणार नाही. सकाळी कारखान्यात यंत्रं, संध्याकाळी मैदानात माती. दाजी दुपारभर ऑर्डरीसाठी वणवण करायचे आणि साडेपाचला मैदानाच्या कडेला त्या बाकड्यावर हजर. एखादी ऑर्डर हातची गेली की ते बाकड्याच्या अगदी टोकाला जाऊन बसत, चहा मागवत आणि म्हणत, "मी बाद झालोय. कुणीतरी गुण घ्या, मंग उठतो." मग सुदाम आत एखाद्याला टिपून यायचा, पोरं ओरडायची, "उठा दाजी!" आणि हे खरंच उठायचे, धोतर झटकायचे आणि फोन करायला पळायचे. हसू यायचं बघून. पण ऑर्डरी येत गेल्या. हरीदादा आटे पाडायच्या मशीनवर परत उभे राहिले, त्यांच्यामागून दुसरा, मग तिसरा. पाळी सुटल्यावर माणसं गेटवर रेंगाळायला लागली, तेव्हा टपरीवाल्याने दाजींच्या हातात पेढा ठेवला.

स्पर्धेचा अंतिम सामना पनवेलला होता, रविवारी, उन्हं उतरताना. समोरचा संघ एका बड्या कंपनीचा, सगळे उंचेपुरे पंचविशीतले. आमच्याकडे हरीदादांचे पांढरे कल्ले बघून प्रेक्षक आधी हसले. रतनशेठ व्यासपीठावरच्या सोफ्यावर. दाजींसाठीही तिथे खुर्ची ठेवली होती, पण ते आमच्या बाद झालेल्या गड्यांशेजारी जमिनीवर बसले होते. शेवटचं दीडेक मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणाने मागे, मैदानात आमचे दोघंच, आणि रांगेत सगळ्यांत पुढे हरीदादा. सुदाम त्यांच्या बराच मागे. माझ्या हातातल्या रुमालाची पार दोरी झाली होती.

आमच्या दोघांतला एक चढाईला गेला आणि निसटता स्पर्श करून परतला. बरोबरी! म्हणजे रांगेतला एक गडी आत जाणार. तोच रतनशेठ सोफ्यावरून उठले आणि हात उंच करून गरजले, "सुदामला आत घाला! मी बोलतो ना, सुदामला घाला!" माणूस पैसे घातल्याच्या रुबाबात होता. आपण मालक, हवा तो गडी हवा तेव्हा आत पाठवू, अशी त्याची समजूत. पंच हसले, प्रेक्षक हसले, आणि सुदाम जागेवरूनच ओरडला, "शेठ, बसा खाली! पयला नंबर हरीदादाचा हाय!"

हरीदादा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश… आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन वाकले. समोरचा चढाईपटू आला तो नेमका त्यांच्याच अंगावर. म्हातारा बघून हरखला असणार. त्याने पाय टाकला आणि हरीदादांनी घोटा धरला. तो ओढतोय, हे मातीतून फरफटतायत, पण मूठ सुटत नाही, आणि तेवढ्यात बाकीचे दोघं त्याच्यावर कोसळले. शिट्टी! पुढची चढाई आमची. ती वेळ काढण्यात गेली आणि सामना संपला. मग मैदानात कोण घुसलं, कोणी कोणाला उचललं, काही कळलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की गुलालाने माखलेले रतनशेठ हरीदादांना खांद्यावर घ्यायची खटपट करत होते आणि दोघंही मातीत पडले. दाजी मात्र बसल्या जागी, तोंडावर उपरणं धरून हमसून हमसून रडत होते. मी जवळ गेले, तर न बघताच कान पुढे केला. म्हणाले, "पिळ, पिळ. चुकलो आसतो तर कुठं तोंड दाखवलं आसतं?"

त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तो कारखाना फायद्यात आला, विकलाही, पण मैदान आणि संघ सौद्यातून बाजूला काढून. "लेक दिली, अंगण न्हाई देत," असं सांगायला ते कचरले नाहीत. पुढे कळंबोलीत घेतलेल्या कारखान्याबरोबर पुरुषांचा दुसरा संघ आला, मग खांदेश्वरला मुलींचा खो-खोचा संघ उभा राहिला, ज्याची व्यवस्थापक म्हणून मला न विचारता जुंपण्यात आलं. वर्तमानपत्रात कुणी संघमालक लिहिलं की ते चिडायचे. "मालक कसला? मी राखीव गडी." पातीला लोक आता स्वतःहून येत होते, आणि प्रत्येक नव्या पातीत रांगेची अट पहिली. ती अट नव्या पातीदारांना समजावून सांगायचं काम, विश्वास ठेवा, रतनशेठ करायचे.

ते बाकडं दाजींनी कळंबोलीच्या ऑफिसात आणून भिंतीला लावलं. ऑफिसात पाहुण्यांसाठी दुसरी खुर्चीच नव्हती. काम गेलेला फिटर असो की गाडीतून उतरलेला कारखानदार, आला त्या क्रमाने बाकड्यावर बसायचं. एकाचं बोलणं झालं की दाजी आतून आवाज द्यायचे, "पुढचा कोण?" की सगळे एकेक जागा पुढे सरकायचे. आणि स्वतःचा एखादा सौदा फिसकटला की ते खुर्ची सोडून बाकड्याच्या टोकाला बसायचे, ते शेवटपर्यंत.

त्यांना न्यायच्या आधी मी त्यांच्या कानाला हात लावला. गार होता. पिळायचा धीर झाला नाही.

तेराव्यानंतर आक्का रोज सकाळी ऑफिसात जायला लागली. जायची आणि बाकड्याच्या त्या टोकाला बसायची, पदर घट्ट लपेटून, भिंतीकडे बघत. खुर्ची रिकामी. कागद पडून, लोक येऊन परत जात होते. संघ चालू ठेवायचे की नाही, कोणी सांगायचं? रतनशेठ दोनदा आले, तिच्या शेजारी गुपचूप बसून गेले. "वहिनी बोलत नाय तोपर्यंत मी काय बोलणार," म्हणाले. मी शाळा सुटली की जायची आणि तिच्यापाशी बसायची. जेवलीस का, एवढं विचारायची. ती मान हलवायची, होकाराची की नकाराची ते कळायचं नाही. मला धास्ती वाटायची ती हिचीच. दाजी गेले ते गेले… ही अशीच बसून राहिली तर?

गेल्या सोमवारीही आम्ही दोघी तशाच बसलो होतो. बाकड्यावर आमच्या पलीकडे चार-पाच माणसं, आज तरी कुणी काही बोलेल या आशेने आलेली. तेवढ्यात जिन्यात दणदण पावलं वाजली आणि सुदाम आत शिरला, या खेपेला बूट दाराबाहेर काढून. तो आता संघाचा प्रशिक्षक आहे. मागे पोरं, हातात ढाल. दाजींविना खेळलेली पहिली स्पर्धा ते आदल्या संध्याकाळी जिंकले होते. त्याने ढाल टेबलावर ठेवली नाही. आक्कासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आक्का, आमी गुन घेतला. पयला नंबर तुमचा हाय. उठा."

आक्काने ढालीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पोरांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "उठा आक्का…" मग दुसरं, मग बाकड्यावरची ती अनोळखी माणसंही. आक्का गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली. डोळे पुसले, साडी झटकली, टेबलाला वळसा घालून गेली आणि दाजींच्या खुर्चीत बसली. मग घसा खाकरून दाराकडे बघत तिने आवाज दिला, "पुढचा कोण?"

मी बाकड्यावर एक जागा पुढे सरकले.