दार सताड उघडणारी गाडी

कवळ्या बनवायचा धंदा, म्हणून त्याला सगळे कवळीकाका म्हणत. दिवसभर एकटाच खोलीत बसून तो परक्यांचं हसू घासूनपुसून तयार करायचा. ते तोंडात बसल्यावर कसं दिसतं, हे मात्र दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच ठाऊक. जुन्या गाडीने भर चौकात कायमची मान टाकली, तेव्हा एका शनिवारी तो शोरूममध्ये गेला.

"काका, अगदी वेळेवर आलात," तिथली विक्रेती म्हणाली. "मॉडेल बदललंय. जुन्यातली ही एकच उरलीय, आणि ही नवी कालच आलीय."

दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुनी उंच, चौकोनी, डब्यासारखी. नवी बसकी, गुळगुळीत, डोळे वटारून बघणारी. विक्रेती नव्या गाडीचं कौतुक सांगत सुटली, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याने जुनीचं दार उघडलं. ते पार सताड उघडलं. सीट कुठवर येते ते त्याने स्वतःच्या मांडीशी हात लावून पाहिलं. मग नवीचं दार उघडलं, तर ते अर्ध्यातच अडलं. आणि सीट इतकी खाली, की बसायचं म्हणजे जवळजवळ पडायचंच.

"ही नाही चालणार," तो म्हणाला. "आईला व्हीलचेअरवरून उचलून ठेवायचं तर मला वाकायला जागा नको का? तिचे गुडघेही दुमडत नाहीत."

"मग आजींना घेऊनच या ना उद्या! त्यांना बसवून बघू."

"हो, आणतो," म्हणून तो बाहेर पडला.

बसस्टॉपवर आल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. हातांनी सवयीने दार तपासलं आणि तोंडाने हातांची री ओढली, एवढंच.

घरी येऊन त्याने बहिणीला फोन लावला.

"अरे, मग नवीच घे की," ताई म्हणाली. "आता तुला कुणाला उचलायचंय?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं.

"ऐकतोयस ना? बरं, ठेवते हं, पाहुणे आलेत."

दुसऱ्या दिवशी तो गेला, तेव्हा विक्रेती त्याच्या पाठीमागे दाराकडे बघायला लागली. "आजी कुठायत?"

"आई नाहीये. गेल्या वर्षी गेली. काल सवयीने बोलून गेलो."

ती गोंधळली. आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आली. त्याने पाणी पिऊन ग्लास तिला परत दिला.

मग तो जुन्या गाडीत चालकाच्या जागी जाऊन बसला. शेजारची सीट छान उंच होती, ऐसपैस होती. त्या रिकाम्या सीटकडे न बघता गाडी चालवणं आपल्याला जमणार नाही, हे त्याला तिथेच कळून चुकलं.

"नवी द्या," तो उतरून म्हणाला.

गाडी हातात आली त्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. आजवर निघायचं ते डॉक्टरकडे, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे, नाहीतर आईला वारा लागावा म्हणून नदीवर. स्वतःसाठी कुठे जायचं, असा प्रश्नच कधी पडला नव्हता. सिग्नल हिरवा झाला तरी तो तसाच थांबून राहिला. मागच्याने हॉर्नवर हात दाबून धरला, तेव्हा त्याने गाडी डावीकडे वळवली. डावीकडेच का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.