हनुवटीखालचा रूळ

कारकुनानं टेबलावरचा लाकडी रूळ माझ्या हनुवटीखाली घातला आणि तोंड वर उचललं. बाजारात बैलाचे दात बघतात, तसं.

खंडाळ्याच्या बंगल्याचा व्हरांडा. भर दुपार. बाईसाहेब वेताच्या खुर्चीत. पायरीखाली माळीकाम करणारे आबा. आबा आमच्या कारला गावचेच, मला चुलते लागायचे.

मी बेबीची आया. गोऱ्या साहेबांची नोकरी बसऱ्याला, समुद्रापलीकडं. नवरा वारला, तेव्हा लेक आईपाशी कारल्याला ठेवली आणि साहेब-बाईसाहेबांबरोबर बोटीत बसले. उन्हाळ्यात तिकडं माणूस भाजून निघतं, म्हणून बाईसाहेब बेबीला घेऊन खंडाळ्याला यायच्या. परत निघायच्या आधी माझा तिकडं राहायचा परवाना नवा करावा लागायचा. त्यासाठी साहेबांच्या कंपनीचा कारकून पुण्याहून यायचा. आमच्यासारखीचा फोटो कोण काढतो? कागदावर अंगाच्या खुणा लिहायच्या. माझ्या खुणा म्हणजे गोंदण. कपाळावर, हनुवटीवर, दंडावर.

आता बघा, आमच्यात म्हणतात, मेल्यावर दागिना संगं येत नाही, गोंदण येतं. आईनं मांडीवर दाबून धरून गोंदवलं होतं माझं. देवाला दाखवायचं ते. मी दर साली या माणसाला दाखवत होते.

"पदर काढ डोक्यावरचा. दंड दाखव. लाजतेस काय, लग्न जमवायला आलोय का मी?"

बाईसाहेब हसल्या. आबांनी झाडाकडं तोंड केलं. कारकुनानं अंगठ्याला थुंकी लावून माझ्या दंडावर घासलं. खरं आहे की वरून काढलेलं, ते बघायला.

दोन साल हे सोसलं. राग नाही आला का विचाराल, तर राग यायलाही अंगात त्राण लागतं. दुसऱ्याचं लेकरू रात्रंदिवस वागवून मी थकले होते. परवाना गेला तर नोकरी गेली, आणि आई अन् लेक दोघी माझ्यावर. म्हणून उभी राहायची. खाली बघून.

तिसऱ्या साली कारकून कागद लिहीत बसला, तेवढ्यात बेबी आली. पाच वर्षांची पोर. माझ्या खांद्यावर निजून मोठी झालेली, मराठीत शिंकणारी म्हणून मी तिला चिडवायचे. तिनं टेबलावरचा रूळ उचलला. माझ्या हनुवटीखाली घातला.

"आया, तोंड वर."

सगळे हसले. बेबीही हसली. तिला वाटलं, आयाशी असंच खेळायचं असतं.

तिचा काय दोष? ती शिकत होती. आणि शिकवत होते ते माझ्याच अंगावर. मी गप उभी राहून शिकवू देत होते.

मी तिच्या हातातला रूळ हळूच काढून घेतला, टेबलावर ठेवला. पदर डोक्यावर घेतला.

"मला न्हाई करायचा परवाना."

कारकून म्हणाला, "खाशील काय मग?"

"माजी आय खाती, ते."

"आया, तुम पागल है," बाईसाहेब म्हणाल्या. "बेबी रोएगा."

रडलीच ती. फाटकापर्यंत ऐकू येत होतं. मी कारल्याच्या वाटेला लागले. पाय ओढत.

पुढं हाल झाले, खोटं कशाला सांगू. लोकांची भातलावणी केली, लोणावळ्याच्या बाजारात डोक्यावरून सरपण नेऊन विकलं. लेक कधी निम्म्या पोटानं निजली. आई म्हणायची, "उगं ताठा केलास. थोडं सोसायचं हुतं."

दुसऱ्या उन्हाळ्यात आबा दारात आले. खाली बसले, पाणी प्याले.

"बाईसायेब आल्याती. बोलावत्याती तुला. औंदा आत खोलीत तपासतील म्हनं, दार लावून. कुनाला दिसायचं न्हाई."

आई माझ्याकडं बघत होती. चुलीवर नाचणीची पेज होती, तीही पातळ.

"आबा," मी म्हणलं, "दार लावून का हुईना, तपासनारच न्हवं?"

आबांनी रिकामा तांब्या खाली ठेवला.

"मग सांगा जाऊन. उघड्यावर न्हाई अन् दार लावून बी न्हाई. मी कुनापुढं हुबी ऱ्हानार न्हाई. आनि माजी लेक बी न्हाई."